टेपचं दुसरं टोक

३ फेब्रुवारी, सोमवार

जपाला बसले होते, पण बोटं मण्यांवर फूट-इंच मोजत होती. देवाने हसून सोडून दिलं असेल.

नगरपालिका प्रत्येक वॉर्डातून दोन बायका घेते आहे, घरं मोजायला. अट एवढीच की मॅट्रिक पास पाहिजे, अक्षर सुवाच्य असावं आणि त्याच वॉर्डात राहणारी हवी. बचत गटाने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. माझ्या जोडीला कोपऱ्यावर ब्लाउज शिवते ती शिवणताई. टेप धरायला तिच्याइतकं लायक कोण?

हे म्हणाले, "या वयात लोकांच्या भिंती मोजत फिरणार तू?"

"तुम्ही जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्यात. मी नुसत्या मोजणार."

मला मागून वाईट वाटलं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ह्यांचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश धुऊन मागच्या खोलीत ठेवले आणि खोलीला कुलूप घातलं. त्याला दोन वर्षं झाली. तो विषय मी काढायला नको होता.

दुपारी कर कचेरीत गेलो. लांबट खोली, खिडकीला पडदा म्हणून जुना नकाशा. साहेब प्रत्येक कागदाला टाचणी लावतात, चहाच्या बिलालासुद्धा. बाहेर पडल्या पडल्या शिवणताईने त्यांचं नाव टाचणीसाहेब ठेवलं.

साहेब म्हणाले, "ताई, शहरात राहतात किती आणि आमच्या नोंदीत आहेत किती, याचा मेळच नाही. दिवे, पाणी, झाडू सगळ्यांना लागतात. कर थोडेच भरतात, आणि भरणारेही घर अर्धंच दाखवतात."

मला लगेच कळलं. घरात जेवणारी तोंडं किती हेच माहीत नसेल, तर तांदूळ किती मोजायचे? आमच्या घरात हे एक दिवस चाललं नसतं. शहरात वर्षानुवर्षं चाललंय.

यंदा एक नवीन गोष्ट आहे. वॉर्डाचं उत्पन्न जेवढं वाढेल त्याचा चौथा हिस्सा वॉर्डालाच परत, आणि तो कशावर खर्च करायचा ते मार्चच्या पहिल्या रविवारी सभेत हात वर करून ठरणार. सभा आधी बुधवारी सकाळी अकराला लावली होती. मी म्हटलं, "साहेब, अकराला कामावर न जाणारे तेवढेच येतील." त्यांनी त्या कागदाची टाचणी काढली आणि रविवार केला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या बाजूची पहिली गल्ली झाली. माणसं देवळात खोटं बोलणार नाहीत, पण टेप दिसला की जीभ आपोआप वळते.

एक निवृत्त प्राध्यापक गॅलरीत उभे राहून म्हणाले, "ही खोली नाही. ही मोकळी हवा आहे."

शिवणताई म्हणाली, "मग हवेला काचा कशाला बसवल्या, सर? पळून जाते का?"

सगळे टेपचं टोक आत ओढतात. भिंतीला लावा म्हटलं की भिंतीच्या वीतभर अलीकडे धरतात. शिवणताई म्हणते, तिच्याकडे येणाऱ्या बायकाही माप देताना असाच श्वास आत घेतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज आपलंच घर मोजलं. दुसऱ्यांच्या घरात टेप ताणून धरायचा आणि आपल्याकडे सैल सोडायचा, हे माझ्या देवाला चालायचं नाही.

मागच्या खोलीपाशी आले आणि थांबले. ती धरली तर लहान घरांना करात जी सवलत आहे, तिच्यातून आपण बाहेर पडतो. हे किल्ली घेऊन आले, कुलूप उघडलं. आत टर्पेंटाईनचा वास अजून तसाच.

"लिही," म्हणाले. "आहे ते आहे."

मी लिहिलं. कराचा आकडा वाढला तो कुठूनतरी काढायला हवा. दूध कापवत नाही, देवापुढचं तेल कापवत नाही. साखर कापली. चहाला यापुढे एकच चमचा. पहिला घोट घेऊन ह्यांनी कपाकडे असं पाहिलं जसं काही कपानेच दगा दिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मोठ्या दिरांचं घर. खाली रंगांचं आणि खिळे-कड्यांचं दुकान, मागे गोदाम, वर राहतात.

"ये ये," म्हणाले. "घरचीच माणसं मोजायला आली म्हणजे काय, चहा घेऊन जा, आकडे मागच्या वर्षीचेच टाक."

"भाऊजी, चहा घेते. आकडे टेपचे टाकते."

गोदामाचं दार उघडायला तयार होईनात. ते गोदाम नाही, अडगळ आहे म्हणे. अडगळीत रंगाचे डबे छतापर्यंत रचलेले. मी म्हटलं, "भाऊजी, टेपला नातं कळत नाही हो."

त्यांचा चेहरा उतरला. "मग नातं कळणाऱ्यांच्या घरात यायचं तुझं काम काय?"

जाऊबाई जिन्यावर उभ्या होत्या. "पगार तरी बरा देतात का गं, आपल्याच माणसांचे खिसे कापायचा?"

मला ते लागलं. पण लिहिलं. खाली सही करायला ते तयार नव्हते, तर मी 'सही दिली नाही' असंही लिहिलं. निघताना म्हणाले, "सभेत बघू. दुकानांपुढे फरसबंदी झालीच पाहिजे. ओढ्यापलीकडच्यांच्या पाण्यासाठी आम्ही कर भरत नाही."

घरी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि चप्पल घालून बाहेर पडले. "कुठे?" तर म्हणे, दादाकडे बसून येतो.

भाऊ तो भाऊच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ओढा ओलांडला. लाकडी साकव आहे, एका वेळी एकच माणूस जातं. इतकी वर्षं इथे राहून मी तिकडे कधी गेले नव्हते, हे लिहायची लाज वाटते आहे, पण लिहिते.

आपल्या कपड्यांना इस्त्री करणारी तिथे राहते. मला बघून तिने आधी पदराने खुर्ची पुसली आणि मग सगळ्या गल्लीला हाक मारली, "अगं या गं, मोजायला आलेत! आपल्याला मोजायला आलेत!"

त्यांना कोणी नोंदीत घेतलंच नव्हतं. जमीन कोणाची हा वाद कोर्टात, म्हणून घराला नंबर नाही, म्हणून कर नाही, म्हणून नळ नाही. आता ठराव झालाय की जमिनीचं कोर्ट बघेल, राहतो त्याला नंबर द्यायचा. नंबर असेल त्यालाच सभेत हात वर करता येणार. रविवारच्या सभेआधी नंबर पडले तर यांचा पाण्याच्या पाईपला हात. नाही पडले तर पैसा फरसबंदीला जाणार, आणि या बायका आणखी एक वर्ष साकवावरून हंडे नेणार.

आणि काय गंमत! इकडे सगळे टेप आत ओढत होते, तिकडे सगळे बाहेर ओढतात. "काकू, ओटा पण धरा." "दारापुढचं धरा, आम्ही तिथेच जेवतो." इस्त्रीवालीने तर पत्र्याच्या सावलीतलं इस्त्रीचं टेबल मोजायला लावलं, मग टेबलापुढे गिऱ्हाईक उभं राहतं तेवढी जागाही. एक म्हातारा म्हणाला, "पोरीचा पाळणा बाहेर झाडाला टांगतो, ते झाड पण घरातच धरा."

आम्ही हसून धरत गेलो. कर भरायला एवढ्या हौसेने पुढे आलेली माणसं मी प्रथमच पाहत होते. त्यांचं मन कोण मोडणार?

घर कोणाच्या नावावर घालायचं विचारलं तर इस्त्रीवाली म्हणाली, "माझ्या. नवरा महिन्यातले चार दिवस असतो, भिंत रोज असते." मग सहज विचारलं, "काकू, तुमच्या घरावर कोणाचं नाव?"

मी म्हटलं, "ह्यांचं. आणखी कोणाचं असणार?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळे कागद कचेरीत दिले. शिवणताईने आनंदात आपल्या पैशाने दोन चहा सांगितले. साखर भरपूर होती. मी प्यायले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टाचणीसाहेबांचा निरोप आला म्हणून धावत गेलो. पलीकडचा सगळा गठ्ठा टेबलावर परत आलेला.

"ताई, तुम्ही मोजलेली सगळी घरं मी नकाशावर मांडली. गल्ली शिल्लकच राहत नाही. चार घरं थेट ओढ्यात उतरलीत. आणि एक झाड दोन घरांत आहे."

शिवणताई म्हणाली, "मोठं झाड आहे, साहेब." पण तिलाही हसू आलं नाही.

पुढचं त्याहून वाईट. लहान घरांना जो नावापुरता कर आहे, त्याची मर्यादा या ओट्यांमुळे आणि सावल्यांमुळे निम्म्या घरांनी ओलांडली आहे. हौसेने मोठी झालेली घरं आता त्यांना परवडणार नाहीत. आम्ही भलं करायला गेलो आणि त्यांच्या पदरात दगड बांधून आलो.

"सोमवारपर्यंत परत मोजून आणा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन देवासमोर बसले. काही मागितलं नाही. दया आली म्हणून टेप सैल सोडणं आणि भीती वाटली म्हणून आत ओढणं, दोन्ही सारखंच चूक आहे, एवढं त्याच्यासमोर कबूल केलं आणि उठले. पोळ्या करायच्या होत्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस पलीकडेच होतो. मोजणं सोपं, समजावणं अवघड.

इस्त्रीवाली टेबलाला धरून उभी राहिली. "जन्मात कोणी मोजलं नाही. आता कुठे मोजलं, तर कमी व्हा म्हणता?"

शिवणताई पुढे झाली. "हे बघ, ब्लाउज ढगळ शिवला तर माणूस मोठं दिसत नाही, ब्लाउज उतरतो. अंगाबरोबर शिवला तर टिकतो. तुझं घर अंगाबरोबर शिवू दे."

इस्त्रीवालीने टेबल सोडलं. मग टेपचं टोक तिने स्वतः घेतलं आणि आतल्या भिंतीला टेकवलं. अगदी भिंतीला. "लिहा," म्हणाली. "पण टेबल मी उचलणार नाही."

"टेबल राहू दे. नुसतं मोजायचं नाही."

झाडवाला म्हातारा शेवटी तयार झाला. म्हणाला, झाडाला नंबर नसला तरी ते कुठे जात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नंबर पडले! साहेबांनी गठ्ठ्याला टाचणी लावली, तेव्हा तिचा आवाज मला देवळातल्या घंटेसारखा वाटला.

पण नवीन अडचण. दारावर नंबर दिसला पाहिजे, रविवारी सभेआधी तपासनीस फिरणार, ज्या दारावर नंबर नाही त्याला सभेत प्रवेश नाही. पत्र्याच्या पाट्या यायला महिना लागेल. तोवर ज्याने त्याने रंगवून घ्या म्हणे. तिथे ब्रश कोण धरणार? रंगारी बोलावायचा तर त्याची मजुरी एका घराच्या कराहून जास्त.

घरी ही अडचण मी सांगत होते, तर हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. ऐकलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने विचारलं, "निळा दिसतो का पत्र्यावर लांबून?" मी म्हटलं, मला काय माहीत, रंगाचं तुम्हाला कळतं. बस, एवढंच बोलणं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊबाई बाजारात भेटल्या. "तुझ्या नवऱ्याने दुकानातून निळ्या रंगाचे दोन डबे नेले. भाऊ म्हणून सूट मागितली नाही, पूर्ण पैसे मोजले. एवढी श्रीमंती कधी आली तुमच्याकडे?"

मी तोंडावर काही दाखवलं नाही. घरी येऊन विचारलं. म्हणाले, गच्चीवरची टाकी रंगवायची आहे.

टाकी! मी चहातली साखर कापते आहे आणि ह्यांना टाकी नटवायची हौस. गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकी जशीच्या तशी. रोज संध्याकाळी दादाकडे म्हणून जातात, अंधार पडल्यावर येतात. भावाच्या पंगतीला बसून रविवारची खलबतं करत असणार. मनातून फार दुखलंय. पण मी बोलणार नाही. रविवार होऊ दे.

२ मार्च, रविवार

दुपारी चारला शाळेच्या सभागृहात सभा. लहान मुलांची बाकं, मोठ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

एका घराचा एक हात, आणि नोंदीत ज्याचं नाव त्याचाच. मी वॉर्डातलं घर न् घर मोजलं, पण मला हात नाही. आपल्या घराचा हात ह्यांचा. मी शेजारची जागा धरून बसले. हे आलेच नाहीत. "तू पुढे हो," म्हणून दुपारी जे गेले ते गेलेच. मोठे दीर वळून रिकाम्या जागेकडे बघत होते आणि मिशीत हसत होते. मला वाटलं, भावाच्या विरोधात हात नको, म्हणून दडी मारली. माणसाने इतकं तरी भित्रं असू नये.

पलीकडची माणसं आली ती भिंतीला लागून उभी राहिली. साहेब म्हणाले बसा, तेव्हा बसली. इस्त्रीवाली स्वतःसाठी कडक इस्त्री केलेली साडी नेसून आली होती. शेवटची गल्ली मात्र दिसेना. तपासनीसाने दुपारी सांगितलं होतं, तिथे अजून नंबर नाहीत.

दिरांनी भाषण केलं. दुकानं चालली तर कर येतो, वगैरे. खोटं नव्हतं ते. मग इस्त्रीवाली उठली. हातातला कागद वर धरला. "आम्ही पण भरलाय. पावती आहे. थोडाच आहे, पण जेवढं घर तेवढा भरलाय. काकूंनी दोनदा मोजलंय." आणि खाली बसली.

प्राध्यापक सर पुटपुटले, "एवढ्या वर्षांत इतकं प्रामाणिक भाषण या शाळेत झालं नसेल."

हात वर करायची वेळ झाली तेवढ्यात शेवटची गल्ली धावत आत आली. तपासनीसही त्यांच्याबरोबर धापा टाकत. "पडले साहेब, नंबर पडले, मी बघितले." एकाच्या खांद्याला निळा डाग. म्हणाला, "रंग ओला आहे, म्हणून दार उघडंच टाकून आलोय."

आधी फरसबंदीचे हात. मग पाईपचे. साहेबांनी दोनदा मोजले. आमच्या बाजूचेही काही हात पाईपला होते, प्राध्यापकांचा होता, शिवणताईचा होता, तिचं घर तिच्याच नावावर आहे. पाईप जिंकला, आणि जिंकला तो त्या शेवटच्या गल्लीएवढ्याच हातांनी.

इस्त्रीवालीने माझा हात धरला. मी रडले. पण आपल्या घराचा हात त्यात नव्हता, हे मनातून जाईना.

हे दिवेलागणीला आले. बाहीवर निळा रंग. आज, आजच्या दिवशी टाकी! मी ताट वाढलं. ह्यांनी विचारलं, "काय झालं सभेत?" मी म्हटलं, "ज्यांना काळजी होती ते तिथे होते." ह्यांनी मान हलवली आणि जेवले. भूक मात्र चांगली लागली होती.

४ मार्च, मंगळवार

कचेरीत जाऊन घराच्या नोंदीत माझं नाव घालायचा अर्ज दिला. ह्यांच्या नावाशेजारी माझं. ह्यांची संमती सकाळीच मागितली होती, भांडायच्या तयारीने. "हे आधीच करायला हवं होतं," एवढंच म्हणाले. माझं भांडण तसंच हातात राहिलं.

टाचणीसाहेब म्हणाले, "ताई, उशीर केलात."

"पुढच्या सभेला नाही करणार."

५ मार्च, बुधवार

पाईपची आखणी करायला माणसं आलीत हे बघायला पलीकडे गेले. प्रथमच हातात टेप नव्हता. दारांवरचे नंबर नीट पाहिले. निळे, मोठे, लांबून वाचता येणारे. आकड्यांचं वळण जुन्या पद्धतीचं, देखणं. पण कडा सगळीकडे किंचित थरथरलेल्या, पाण्यात पाहिल्यासारख्या.

शेवटच्या गल्लीत एक म्हातारी भाजी निवडत होती. मला ती ओळखत नव्हती. मी विचारलं, "आजी, नंबर कोणी रंगवले?"

"येतो बाई एक माणूस पलीकडून. एका हाताने दुसरं मनगट धरतो आणि काढतो. एकेका आकड्याला इतका वेळ लावायचा की वाटे, आमची गल्ली राहतेच सभेला. रविवारी भर उन्हात जेवला नाही की बसला नाही. पैसे घेत नाही."

"काहीच घेत नाही?"

"चहा घेतो. साखर मात्र भरपूर लागते त्याला. घरी बायकोने बंद केलीय म्हणे."

साकवावर मी जरा उभी राहिले. मागून येणाऱ्याला खोळंबावं लागलं.

घरी आले. चहा टाकला. दोन चमचे घातले, मग आणखी एक. हिशोबात लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलं. आहे ते आहे.

ह्यांनी घोट घेतला, कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"टाकी झाली का रंगवून?" मी विचारलं.

"रंग पुरला नाही."

"थोडाही उरला नाही?"

"थोडा आहे तळाला."

"मग फाटकावरचा आपला नंबर गंजलाय, तो काढा," मी म्हटलं. "आणि खाली तुमच्या नावाशेजारी माझं नाव लिहा. थरथरलं तरी चालेल."